खांद्यातील गाठ दाबून खरोखर सुटते का?

आपण विचारले आहे की, ट्रिगर पॉइंट मसाजने, म्हणजे स्नायूतील दुखरा बिंदू दाबून धरण्याने, पाठीतील आणि खांद्यातील गाठी खरोखर सुटतात का, तो घरी करता येतो का आणि दाबताना किती जोर लावावा. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून आमच्या घरात सात-आठ वर्षे वाद चालू आहे. जोर कमी लावावा. ‘गाठ फोडून काढतो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती आपली पाठ कधीही देऊ नये.

सोलापुरात आमचा शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. वडिलांच्या मागे तो थोरले बंधू, म्हणजे अण्णा, आणि मी असे दोघे मिळून चालवतो. हिशेब आणि गिऱ्हाईक अण्णांकडे, कटिंग माझ्याकडे. एप्रिल ते जून हा आमचा हंगाम, आणि तोच नेमका सोलापूरच्या उन्हाचाही. कापडाचे साठ-सत्तर थर टेबलावर अंथरायचे, डाव्या हाताने ते दाबून धरायचे आणि उजव्या हाताने कटिंग मशीन खडूच्या रेषेवरून पुढे ढकलत न्यायचे, असे दिवसाचे नऊ-दहा तास चालते. २०१७ च्या हंगामात माझ्या उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या आत कोणी गिरमिट फिरवत असावे असे दुखू लागले. उजव्या कुशीवर झोपता येईना, पँटच्या मागच्या खिशातील पाकीट काढता येईना, आणि कळ दंडावरून उतरत अंगठ्यापर्यंत जाऊ लागली.

निदानांची काही कमतरता नव्हती. आई म्हणाली, वात धरला आहे. शिलाईवरच्या बायका म्हणाल्या, शिरेवर शीर चढली आहे. एका रुग्णालयात मानेचा एक्स-रे काढून मणक्यांत झीज असल्याचे सांगितले गेले (छेचाळिसाव्या वर्षी ती बऱ्याच जणांना असते, हे मला पुढे कळले), तर दुसरीकडे फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा, म्हणून पंधरा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. अण्णा तालमीत घडलेले आणि तरुणपणी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेललेले, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा सगळा पोरखेळ होता. त्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका मालीशवाल्याकडे नेले.

त्या गृहस्थांनी तेल लावले, मला भिंतीशी बसवले आणि जिथे दुखत होते तिथेच, खांद्याच्या पुढच्या बाजूला, कोपर रोवून सगळे अंग टाकले. मी ओरडलो तेव्हा अण्णा शेजारी बसून समाधानाने म्हणाले, “बे, दुखायलंय म्हणजेच लागू पडायलंय.” दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा भाग पिकल्या जांभळाच्या रंगाचा झाला होता. चार दिवस मला कात्रीही धरता आली नाही आणि दोन शाळांचा माल उशिरा गेला. त्या उशिराचा ठपका माझ्या नाजूकपणावर ठेवला गेला, मालीशवाल्यावर नव्हे, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर मी कोणालाही न सांगता एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वयाने ती माझ्या पुतणीएवढी होती. तिने आधी माझा हात स्वतःच्या हातात सैल घेऊन सगळ्या दिशांना फिरवून पाहिला, आणि तो पूर्ण फिरला. खांदा गोठलेला असता तर दुसऱ्याने फिरवूनही तो अडला असता, असे तिने सांगितले. मग मला डाव्या कुशीवर झोपवून, उजव्या खवाट्यावर मागच्या बाजूने तिने बोटे आडवी फिरवली. एके ठिकाणी ताणलेल्या सुतळीसारखे काही तिच्या बोटाखाली सरकले, आणि तिथे तिने अंगठा टेकवताच कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला उठली आणि अंगठ्यात झिणझिण्या आल्या. मला वाटले की तिने दुसरा हात पुढून लावला आहे. डोळे उघडून पाहिले, तर तिचा दुसरा हात टेबलाच्या कडेवर होता.

तिने चोळले नाही, रगडले नाही. अंगठा तसाच स्थिर ठेवून दहापैकी किती दुखते ते विचारत राहिली. मी सहा म्हणालो. मिनिटभराने त्याच दाबाला तीन म्हणालो. तेव्हा तिने अंगठा उचलला. असे तीनदा केल्यावर गरम पाण्यातून पिळून काढलेला टॉवेल तिथे ठेवला, आणि शेवटी हात छातीवरून आडवा ओढून स्नायूला ताण दिला. निघताना तिची फी मी मागच्या खिशातील पाकिटातून काढून दिली, आणि पाकीट उजव्या हाताने काढले हे माझ्या लक्षात रस्त्यावर आल्यावर आले.

त्या स्नायूचे नाव इन्फ्रास्पायनेटस. तो असतो खवाट्यावर, म्हणजे मागे, आणि दुखतो पुढे. ही काही जादू नाही. १९३८ साली केलग्रेन या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत खारट पाण्याचे इंजेक्शन देऊन दाखवले होते की कळ टोचल्या जागेपासून दूर उमटू शकते. पुढे जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरबाईंनी, ज्या नंतर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या, कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशे तयार केले, आणि डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सायमन्स म्हणजे १९५७ साली फुग्याला टांगलेल्या कुपीत बसून एक लाख फुटांवर गेलेले हवाई दलाचे डॉक्टर. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा संपूर्ण प्रकरणात त्यांना एवढीच गोष्ट आवडली.

आता आपला पहिला प्रश्न. ‘गाठ’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, कारण तिथे दोऱ्यासारखी गाठ नसते, साठलेला कचरा नसतो आणि फुटण्यासारखेही काही नसते. ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांच्या मते स्नायूच्या काही तंतूंचा छोटा भाग आखडून राहतो, तिथला रक्तपुरवठा आवळला जातो, आणि सैल पडण्यासाठी लागणारी ऊर्जाच त्याला मिळत नाही. हे मत सर्वमान्य नाही. २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी या संपूर्ण कल्पनेवरच हल्ला चढवला, आणि एकाच रुग्णाच्या पाठीवर दोन तपासनिसांना तोच बिंदू सापडेलच असे नाही, ही तक्रारही जुनी आहे. दाबल्यावर तात्पुरता आराम पडतो याला बऱ्यापैकी आधार आहे, कायमचा पडतो याला फारसा नाही. माझा आराम पहिल्या खेपेस दोन दिवस टिकला.

दोनच दिवस का, हे त्या मुलीनेच विचारले: “काका, तुमच्या टेबलाची उंची किती?” घरी येऊन मोजली तर एकतीस इंच. माझे कोपर उभ्याने जमिनीपासून बेचाळीस इंचांवर येते. म्हणजे हंगामभर मी कमरेत वाकून, हात लांब ताणून, खवाट्याच्या त्या स्नायूवर सगळा भार घेऊन मशीन ढकलत होतो, आणि संध्याकाळी तोच स्नायू कोणाकडून तरी दाबून घेत होतो. टेबल सात इंच उंच करावे असे मी म्हटले. अण्णांनी साफ नकार दिला. वडिलांनी याच टेबलावर चाळीस वर्षे कापड कापले आणि त्यांचा खांदा कधी दुखला नाही, असे त्यांचे म्हणणे. वडील माझ्यापेक्षा अर्ध्या फुटाने बुटके होते, आणि ते कात्रीने आठ-दहा थर कापत असत, हे मी तेव्हाही सांगितले होते आणि आता इथेही लिहून ठेवतो. शेवटी एका रविवारी कारखाना बंद असताना मी सुतार बोलावून चारही पायांखाली सागवानी ठोकळे बसवले. त्यानंतर महिन्याभरात खांदा शांत झाला. अण्णा त्याचे श्रेय अजून मालीशवाल्याला देतात, आणि त्याचा परिणाम ‘मागून दिसला’ असे म्हणतात.

तेव्हा घरी करायचे असेल तर जरूर करा, पण आधी टेबल, खुर्ची किंवा आपण ज्यावर काम करता ते मोजा. टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घालून मोज्याचे टोक खांद्यावरून पुढे धरावे, चेंडू खवाटा आणि भिंत यांच्यामध्ये ठेवून हळूहळू रेलावे, आणि ओळखीची कळ उठेल तिथे थांबावे. दुखणे दहापैकी पाच-सहाच्या पुढे जाऊ देऊ नये, श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त आहे असे समजावे, आणि तीस ते साठ सेकंदांनी सोडून द्यावे. दिवसातून एक-दोनदा पुरते. नंतर गरम टॉवेल. सोलापुरी असल्यास उत्तम, पण ही आमच्या गावाची जाहिरात समजू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर बिंदू चुकला आहे किंवा निदान चुकले आहे.

हे आधी लिहायला हवे होते, पण राहून गेले: छातीत दडपण येऊन हात दुखत असेल, हाताची पकड सुटत असेल, ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर चेंडू बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. मानेची पुढची बाजू, काख आणि गुडघ्याची मागची खळगी कधीही दाबू नये. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर जोराच्या मालीशच्या वाटेला जाऊच नये. अण्णांना गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाल्यापासून तशा गोळ्या चालू आहेत. दिवाळीत त्यांचा डावा खांदा धरला तेव्हा ते माझ्यासमोर पाठ करून बसले आणि म्हणाले, दाब आता तुझ्या त्या पद्धतीने, पण जोरात. डॉक्टरांना विचारून या, मग हलका हात लावतो, असे मी म्हटले. तेव्हापासून ते खांदा घेऊन माझ्याकडे आलेले नाहीत.