सिकल्स लिहायचा तर आधी नकाशा

चिरंजीवास आशीर्वाद.

अमेरिकी यादवी युद्धातला उत्तरेचा सेनानी डॅनियल सिकल्स, त्याच्यावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. निम्मी पानं 1859 च्या खुनातच गेलीत. बायकोचा प्रियकर फिलिप बार्टन की याला त्याने वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकात दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या आणि तात्पुरत्या वेडाचा बचाव घेऊन तो सुटला. हे पानभरात उरकतं. खरी कसोटी गेटिसबर्गच्या लढाईत आहे.

तिथला नकाशा स्वतः काढ. 2 जुलै 1863 ला त्याच्या तिसऱ्या कोअरने (कोअर म्हणजे सैन्याची मोठी तुकडी) सेमेटरी रिज या उंचवट्यावरून लिटल राउंड टॉप टेकडीपर्यंत फळी धरायची होती. समोरची जमीन उंच दिसली म्हणून सेनापती मीडच्या हुकुमाविना त्याने दहा हजारांवर माणसं सव्वा किलोमीटर पुढे, पीचच्या बागेपर्यंत नेली. आता रेघ ओढ. बागेपाशी टोकदार कोपरा निघतो, त्याच्यावर दोन बाजूंनी तोफा चालतात. फळी लांबते आणि विरळ होते, शेजारची दुसरी कोअर मागे राहिल्याने खिंडार पडतं, लिटल राउंड टॉपवर इशारे देणारे तेवढे उरतात. रात्रीपर्यंत कोअरचे चार हजारांवर लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता, आणि सिकल्सचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला.

पण त्याला नुसता आततायी ठरवू नकोस. दोनच महिन्यांपूर्वी, 3 मे रोजी, चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत वरिष्ठांच्या हुकुमावरून त्याने हेझल ग्रोव्हची उंच जागा सोडली होती. शत्रूने लगेच तिथे तोफा चढवून त्याच्याच सैन्याला भाजून काढलं. तुझ्या मसुद्यात हे नाहीच! गेटिसबर्गची चाल चुकलीच, असं माझंही मत आहे. पण हेझल ग्रोव्हशिवाय ती कळत नाही.

प्रत्येक साक्षीवर तारीख टाक. मीडला माघार घ्यायची होती, हे सिकल्सने फेब्रुवारी 1864 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीपुढे सांगितलं. त्याचीच बाजू मांडणारं ‘हिस्टॉरिकस’ या टोपणनावाचं पत्र मार्चमध्ये न्यूयॉर्क हेरल्डमध्ये आलं. दोन्ही लढाईनंतर सात-आठ महिन्यांनी, वाद पेटल्यावरचं. शौर्यपदक तर 1897 चं.

तो माद्रिदमध्ये अमेरिकेचा वकील होता, तो भाग मात्र वाढव. 1873 मध्ये अमेरिकी निशाण लावलेलं ‘व्हर्जिनियस’ जहाज पकडून स्पॅनिश अधिकाऱ्यांनी सँटियागो दे क्यूबात 53 जणांना गोळ्या घातल्या. सिकल्स माद्रिदमध्ये धमकीच्या भाषेत बोलत राहिला, आणि अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिशने स्पॅनिश वकिलाशी वॉशिंग्टनमध्येच तडजोड केली. सिकल्सने राजीनामा दिला. फिशच्या आणि त्याच्या तारा तारखेनुसार शेजारी-शेजारी मांड.

नकाशा आधी पाठव, मजकूर मागाहून.