मुलाला शर्टाची बटणं लावायला मॉन्टेसरी पद्धतीने कसं शिकवावं? ड्रेसिंग फ्रेम, म्हणजे बटणांच्या सरावासाठी कापड ताणलेली चौकट, विकत घ्यावी का?

तुमचा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, फ्रेम घ्यावी का आणि किती दिवसांत येईल, एवढंच तुम्ही विचारलंय. त्यावर येते. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "त्याचे बाबा म्हणतात, येतं त्याला सगळं, नाटकं करतो," आणि मी तिथेच अडकले. हे वाक्य मी आमच्या घरात दोन महिने रोज सकाळी ऐकलंय.

आम्ही फ्रेम विकत आणली नव्हती, नवऱ्याने केली. जुन्या फोटोची लाकडी चौकट, फूटभर लांबी-रुंदीची, आणि तिच्यावर मुलाचाच आखूड झालेला शर्ट ताणून कडेने चुका ठोकलेल्या. काम सुबक होतं, ते मी नाकारत नाही. चुकासुद्धा पट्टी लावून एका रेषेत. वरच्या बाजूला मार्करने बाण काढून 'वर' असं लिहिलेलं. माणूस तसाच आहे.

मुलगा तेव्हा साडेतीनचा. आधी नुसती बटणं सोडवायची, मग लावायची, हा क्रम आम्ही पाळला. दोन-तीन आठवड्यांत तो फ्रेमवरची पाचही बटणं लावायला लागला, घरी कोणी आलं की मांडीवर घेऊन करून दाखवायचा. आणि सकाळी शर्ट अंगात घातला की रडारड. बटण काजात अर्धं जायचं, मग दोन्ही हात एकदम सुटायचे आणि बटण मागे. तीनदा असं झालं की शर्टच उपसून काढायचा. नवरा म्हणायचा, फ्रेमवर येतं तर अंगावर का येत नाही? नाटकं. मी काय करायचे, तर दारात उभ्या उभ्या पटापट लावून टाकायचे. म्हणजे चुकत दोघंही होतो, फक्त माझी चूक अर्ध्या मिनिटात संपायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या मागे बसले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे घेतले आणि त्याच्याच शर्टाची बटणं लावायला लागले. अगदी सावकाश, एक शब्द न बोलता. मॉन्टेसरीत हेच तर सांगतात: एक तर दाखवा, नाही तर बोला. दोन्ही एकदम केलं की मूल तोंडाकडे बघतं, बोटं बघायची राहून जातात. तर सावकाश करताना मलाच दिसलं की माझा उजवा हात बटण ढकलतोय आणि डावा काज धरून आहे. उठून ती फ्रेम समोर घेतली. तिथे बटण डाव्या हाताला!

मुलग्यांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. तोच शर्ट समोर ताणून ठेवला की बघणाऱ्याच्या डावीकडे येतात. पोरगं तीन आठवडे डाव्या हाताने बटण ढकलायला शिकलं होतं आणि सकाळी अंगावर सगळं उलट. बटण अर्धं आत गेलं की काज धरलेल्या हाताने ते सोडून पलीकडून बटण पकडायचं असतं. सगळी मेख त्या हातबदलीत आहे, आणि तिथेच त्याला कुठला हात सोडायचा ते कळत नव्हतं.

मी फ्रेम फिरवली. कॉलरची बाजू त्याच्या पोटाकडे, 'वर' खाली. आपण मान वाकवून स्वतःचा शर्ट बघतो तेव्हा तो असाच दिसतो, कॉलर जवळ आणि घेर लांब. आणि काय, त्याला फ्रेमवरसुद्धा येईना! पहिल्या दिवसासारखी बोटं अडखळली. याहून मोठा पुरावा काय हवा? आठवड्याभरात अंगातल्या शर्टाची खालची दोन बटणं त्याने स्वतः लावली. नवरा म्हणाला, योगायोग, तेवढ्या दिवसांत तसंही आलंच असतं. आता दुसरं मूल आणून उलट प्रयोग काही मी करणार नव्हते.

तर फ्रेम घ्यावी का? माझ्या मते नको. ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या सुरुवातीच्या फ्रेम बघा: जाड कापडावर हाडाची मोठी बटणं, तलम कापडावर शिंपल्याची लहान बटणं, चामड्यावर आकड्याने ओढून लावायची बुटांची बटणं, लेस, हूक, रिबिनी. त्या काळी कपड्यांवर आणि बुटांवर जे असे तेच चौकटीवर घेतलं, एका चौकटीवर एकच अडचण. म्हणून आधी तुमच्या मुलाचं कपाट उघडा. सगळे टी-शर्ट आणि इलॅस्टिकच्या चड्ड्या असतील तर फ्रेम घेऊन करणार काय? एक जुना शर्ट घ्या, मोठी बटणं शिवा, काजं वापरून सैल झालेली असू द्या आणि कॉलर त्याच्याकडे करून पुढ्यात पसरा. विकतचीच घ्यायची तर बटणं कुठल्या बाजूला आहेत ते त्याच्या शर्टाशी ताडून बघा.

अंगावर करताना खालच्या बटणापासून सुरू करा. गळ्याचं सगळ्यात शेवटी, ते हनुवटीखाली दिसतच नाही. एक काज चुकलं तर बोलू नका, शेवटी एक बटण उरतं आणि ते त्याचं त्याला दिसतं. नाही दिसलं तर वाकडा शर्ट घालून जाऊ द्या. लोक हसतील, तुम्हाला, त्याला नाही.

किती दिवसांत, ते विचारू नका. मोठी बटणं साधारण तीन-साडेतीनला, शर्टाची लहान चारच्या आसपास, बुटाच्या लेसची गाठ पाच-सहाला.

हो, राहिलंच. मुलींच्या शर्टांना बटणं दुसऱ्या बाजूला असतात, तेव्हा वरचं डावं-उजवं उलटं वाचा. बटणं घट्ट शिवा, या वयात तोंडात जातात. पाचाच्या पुढे मोठं बटणही जमत नसेल, आणि चमचा-खडू धरतानाही त्रास होत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा, माझ्या उत्तरावर बसू नका. आणि सकाळच्या घाईत तुम्ही लावून दिलीत तर काही बिघडत नाही, सराव संध्याकाळी.

त्याच्या बाबांचं मात्र एक करा. त्यांना तुमचा शर्ट घालायला द्या आणि बटणं लावायला सांगा. मी केलं होतं. तिसऱ्या बटणापाशी नवरा थांबला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काज घट्ट आहे."