डिकीतली बाटली

अकोल्याच्या एका परिचारिकेने पत्र लिहिले आहे. रात्रपाळीत रक्ताचा नमुना घेतल्यावर सुई त्यांच्या अंगठ्यात गेली आणि तो रुग्ण एचआयव्हीबाधित असल्याचे केसपेपरवर लिहिलेले होते. त्यांनी चार तासांच्या आत सरकारी रुग्णालयातून ‘पेप’ची, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून २८ दिवस घ्यायची गोळी सुरू केली. आज सोळावा दिवस आहे. तिसऱ्या दिवसापासून मळमळ, डोकेदुखी आणि विचित्र स्वप्ने सुरू झाली, चौथ्या दिवशी मानेत गाठ लागली. त्या विचारतात : ‘ही लक्षणे त्याचीच ना? मला खरे काय ते सांगा.’

ताई, तुमच्या पत्राची साडेचार पाने लक्षणांची आहेत. शेवटी, सही करण्याच्या आधी, कंसात तुम्ही लिहिले आहे : ‘घरी सांगितले नसल्यामुळे बाटली गाडीच्या डिकीत ठेवते, सासूबाईंना नऊ वाजता बीपीची गोळी दिली की खाली जाऊन माझी घेते, दोनदा जाता आले नाही.’ मी हे उत्तर त्या कंसासाठी लिहीत आहे.

लक्षणांचे आधी उरकून टाकते. संसर्ग झालाच तर सुरुवातीची लक्षणे साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, आणि कित्येकांना ती दिसतही नाहीत. तिसऱ्या दिवशीची मळमळ, डोकेदुखी आणि विचित्र स्वप्ने हे सहसा गोळ्यांचेच परिणाम असतात. मानेची गाठ दिवसातून वीस वेळा दाबली तर ती दुखणारच. अंगावर पुरळ आणि सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी मान चाचपून कोणालाही निदान करता येत नाही, ते फक्त रक्ताच्या चाचणीतून होते. बाधित रक्ताची सुई हजार जणांना टोचली आणि कोणीच औषध घेतले नाही, तरी संसर्ग साधारण तिघांना होतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झिडोव्ह्युडीन या एकट्या औषधाने हा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले होते. तुमच्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तीन औषधे आहेत.

परंतु हे संरक्षण गोळी पोटात गेली तरच मिळते, आणि मला राग आला आहे तो इथे. या २८ दिवसांत तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट तुम्ही पान्याच्या, ओल्या रेनकोटच्या आणि गाडीच्या कागदपत्रांच्या शेजारी, सीटखाली टाकून दिली आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. गाडी दिवसभर रुग्णालयाच्या आवारात उन्हात उभी असते आणि सीटला हात लावला तर चटका बसतो, हे तुम्हीच लिहिले आहे. रुग्णालयात इन्सुलिनच्या फ्रिजचे दार कोणी नीट लावले नाही तर तुम्ही त्याला सुनावत असाल, मग स्वतःच्या बाटलीवरची साठवणुकीची सूचना तुम्ही वाचली का? शिवाय खुळखुळ आवाज येऊ नये म्हणून गोळ्या मूळ बाटलीतून काढून चष्म्याच्या डबीत भरल्या, म्हणजे ओलावा शोषणारी पुडीही गेली. मळमळीवर तुम्ही अॅसिडिटीचे पातळ औषध गोळीसोबतच पिता, त्यामुळे डोल्युटेग्रॅविर अंगी लागत नाही. ते औषध घ्यायचेच असेल, तर गोळीनंतर निदान दोन तासांनी किंवा गोळीच्या सहा तास आधी घ्या.

ज्या दोन रात्री तुम्हाला खाली जाता आले नाही, त्यांतल्या एका रात्री पाहुणे होते आणि तुम्ही पहाटे सहाला गोळी घेतलीत. दुसऱ्या रात्री यजमान गाडी घेऊन बाहेर गेले आणि गोळी राहूनच गेली. त्या रात्री तुम्ही खिडकीत उभ्या राहून गाडीची वाट पाहत होतात, हे वाचताना मला फार वाईट वाटले. दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यात जिचे आयुष्य गेले, तिला स्वतःच्या गोळीसाठी असे चोरासारखे थांबावे लागावे, हे मला सहन होत नाही. पण ही वेळ घरातल्या कोणी तुमच्यावर आणलेली नाही, ती तुम्ही स्वतःच ठरवून घेतली आहे. ‘यांना कळले तर नोकरी सोडायला लावतील,’ असे तुम्ही लिहिता, पण यांना तुम्ही विचारलेले नाही. पाठदुखीचे निमित्त सांगून तुम्ही मुलीच्या खोलीत झोपता. डॉक्टरांनी तीन महिन्यांची चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम वापरायला सांगितले आहे, आणि तोवर पाठदुखीचे सोंग टिकणार नाही. एक दिवस यजमानांना डिकीत ती डबी सापडेल, आणि तेव्हा तुम्हाला त्यांना सुईपेक्षा लपवाछपवीबद्दलच अधिक उत्तर द्यावे लागेल.

म्हणून बाटली घरात आणा, आजच. उद्या सकाळी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात जाऊन डॉक्टरांना सगळे सांगा : उन्हातली डिकी, चष्म्याची डबी, राहिलेली गोळी, पातळ औषध. ते रागावले तर ऐकून घ्या आणि उरलेल्या १२ दिवसांच्या गोळ्या बदलून मागा. सहा आठवड्यांच्या आणि तीन महिन्यांच्या चाचणीची तारीख तिथेच लिहून घ्या. रुग्णालयाने अपघाताची नोंद केली नसेल तर ती करायला लावा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कामावर अशी जोखीम आलेल्या कर्मचाऱ्याला पेप उपलब्ध करून देणे ही त्यांची जबाबदारी आहे. रात्री पुन्हा मानेकडे हात जाऊ लागला आणि कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर १०९७ हा एचआयव्ही-एड्सविषयीचा मोफत मदत क्रमांक आहे.

यजमानांना सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘कामावर सुई टोचली, रुग्ण बाधित होता, वेळेत औषध सुरू केले आहे, अजून १२ गोळ्या आहेत, आणि मला भीती वाटते आहे.’ शेवटचे चार शब्द गाळू नका. ते चिडले तर चिडू द्या, नोकरीचा विषय निघाला तर तो तीन महिन्यांनी बोलू म्हणा, पण बाटली पुन्हा खाली नेऊ नका. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीपासून दूर, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेवा. उद्या रात्री नऊ वाजता तांब्यातून दोन पेले पाणी ओता आणि दोघी मिळूनच गोळ्या घ्या.