कॉन्स्टंट की इम्म्यूटेबल?

प्रश्न : मी इथेरियम या ब्लॉकचेनसाठी प्रोग्राम लिहिण्याची सॉलिडिटी ही भाषा शिकत आहे. माझ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) टोकनचा कमाल पुरवठा आणि मालकाचा पत्ता कधीच बदलणार नाहीत, म्हणून दोन्ही कॉन्स्टंट म्हणून घोषित केले. पुरवठ्याची ओळ चालली. पत्त्याच्या ओळीत ‘एमएसजी.सेंडर’ लिहिताच कंपायलरने त्रुटी दाखवली. असे का व्हावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही मूल्ये न बदलणारी असली, तरी ती ठरण्याची वेळ वेगळी आहे आणि कंपायलर नेमके तेच तपासतो. कॉन्स्टंटचे मूल्य कंपाइल होतानाच ठरलेले असावे लागते. ‘युइंट२५६ पब्लिक कॉन्स्टंट मॅक्स_सप्लाय = १००००;’ या ओळीत ते समोरच लिहिलेले आहे; पण ‘एमएसजी.सेंडर’ म्हणजे व्यवहार पाठवणारा कोण, हे कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय होईपर्यंत, म्हणजे ब्लॉकचेनवर बसवले जाईपर्यंत, कोणालाच ठाऊक नसते. ‘ब्लॉक.टाइमस्टॅम्प’ (ब्लॉकची वेळ) हेही याच कारणाने तेथे चालत नाही.

अशा मूल्यासाठी ०.६.५ या आवृत्तीपासून इम्म्यूटेबल हा शब्द उपलब्ध आहे. ‘अ‍ॅड्रेस पब्लिक इम्म्यूटेबल ओनर;’ एवढीच घोषणा करावी आणि कन्स्ट्रक्टरमध्ये (डिप्लॉय होताना एकदाच चालणाऱ्या भागात) ‘ओनर = एमएसजी.सेंडर;’ लिहावे. स्ट्रिंग (मजकुराचे मूल्य) मात्र कॉन्स्टंट होऊ शकते, इम्म्यूटेबल नाही.

या दोन्ही प्रकारांना स्टोरेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या कायमच्या साठवणीत, जागा लागत नाही, कारण कॉन्स्टंटची पदावली वापराच्या प्रत्येक ठिकाणी जशीच्या तशी बसवली जाते आणि इम्म्यूटेबलचे मूल्य डिप्लॉय होताना बाइटकोडमध्येच (कंपाइल झालेल्या कोडमध्येच) भरले जाते. २०२१ च्या बर्लिन अपग्रेडपासून इथेरियमवर स्टोरेजमधील मूल्य एका व्यवहारात पहिल्यांदा वाचण्यास २१०० गॅस (व्यवहाराचे शुल्क मोजण्याचे एकक) लागतो. तेच मूल्य कोडमधून स्टॅकवर (गणनेच्या तात्पुरत्या जागेवर) आणण्यास केवळ ३. जे मूल्य प्रत्येक हस्तांतरात वाचले जाते, तेथे हा फरक वापरणाऱ्याच्या खिशाला रोज जाणवतो. मात्र ‘प्रायव्हेट’ लिहिले म्हणून ते मूल्य गुप्त राहत नाही. बाइटकोड कोणालाही वाचता येतो, त्यामुळे पासवर्डासारखी गोष्ट तेथे कदापि ठेवू नये.

आपल्या पुरवठ्याच्या आकड्यासाठी कॉन्स्टंट अगदी योग्य आहे. मालकाच्या पत्त्याबाबत मात्र, गॅस वाचत असला तरी, मी साधे स्टोरेज चलच सुचवेन. मालकाची खासगी की (व्यवहारावर सही करण्याची गुप्त किल्ली) उद्या चोरीला गेल्याचे कळले, तर साध्या चलात, हस्तांतराचे फंक्शन लिहिलेले असल्यास, चोराच्या आधी नवा पत्ता नोंदवण्याची संधी असते. इम्म्यूटेबलमध्ये नवे कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करून सर्व टोकनधारकांना तिकडे वळवावे लागेल.