दीड वर्षाच्या भाचीला काय न्यावं?

प्रश्न : बहिणीची मुलगी दीड वर्षाची आहे. तुळशीबागेतून भातुकली घेतली तर चालेल का? नाहीतर दुसरं काय घेऊ? – एक मामा, पुणे

उत्तर : भातुकली आणखी दोन वर्षांनी. त्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या वाट्या आत्ता थेट तोंडात जातील. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीची नळी ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यात पूर्ण मावेल तो तुकडा घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणून जास्त सुरक्षित.

आमची पसंती एकात एक बसणाऱ्या पेल्यांना. रचा, पाडा, आंघोळीला पाणी ओता. दोन वर्षं तरी पुरतात. हातात घेऊन काठावरून बोट फिरवा, साच्याची धार राहिलेली असली तर लगेच लागते. ओढायची गाडी घेतलीत तर दोरी वीतभरच ठेवा, लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाते.

गाणी म्हणणारं खेळणं टाळलेलं बरं (बहीणही दुवा देईल!). घ्यायचंच तर बॅटरीचं झाकण स्क्रूचं हवं. बटण सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असल्याने लाकडी खेळण्यावर ते नसेलही. तिथे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघतो का, ते दुकानातच बघा.