उबदार कॅलिफोर्नियात आइस हॉकीचे एवढे दुय्यम संघ कसे?

हवामानामुळे नाही, अंतरामुळे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमधल्या प्रत्येक संघाचा एक जोडसंघ एएचएल या दुय्यम लीगमध्ये असतो. मुख्य संघातला कुणी जखमी झाला की तिथून खेळाडू बोलावतात. पण एएचएल 1936 पासून रुजली ती ईशान्य अमेरिकेत. त्यामुळे लॉस एंजेलिस किंग्जची होतकरू मुलं थेट न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला, देशाच्या दुसऱ्या टोकाला! सकाळी फोन आला तर संध्याकाळच्या सामन्याला पोचणं मुश्कील. शेवटी 2015 मध्ये पाच जोडसंघ एकदम कॅलिफोर्नियात आले. किंग्जचा आला ऑन्टारिओला (कॅनडातला प्रांत नव्हे, लॉस एंजेलिसजवळचं शहर). मँचेस्टरने नेमका त्याच वर्षी काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला होता. तिथल्या प्रेक्षकांसाठी मला फार वाईट वाटतं.