गिअरचा नॉब फिरतो, गाडी 'पी'मधून हलेना!

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीला गोल फिरवायचा गिअर आहे, कधीकधी 'पी' (पार्किंग)मधून निघतच नाही. मेकॅनिक म्हणतो अख्खा शिफ्टर (नॉबसकट गिअर बदलायचा भाग) बदला. बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा हो जरा! या नॉबखाली गिअरबॉक्सला ओढणारी केबल नसतेच, आतले सेन्सर नुसता सिग्नल पाठवतात आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ब्रेक दाबलाय का, स्पीड किती हे बघून मग गिअर टाकतो. त्यामुळे आधी १२ व्होल्टची बॅटरी बघा, ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का तेही, लागत नसतील तर बहुधा ब्रेकचा स्विच गेलेला असतो आणि शिफ्टर बिचारा उगाच बदनाम. मग स्कॅनर लावून एरर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) वाचायला सांगा. कोड शिफ्टरचाच निघाला तर बदला, कन्सोल उघडून स्क्रू आणि कनेक्टर काढणं सोपंय, पण बऱ्याच गाड्यांत नवीन पार्टचं कोडिंग, म्हणजे तो गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं, करावं लागतं, म्हणून ते करून देणार का हे आधीच विचारा.